भरल्या कराची आठवण

दिलेल्या दानाची आठवण माणूस जन्मभर ठेवतो. दिलेल्या कराची आठवण मात्र तो वर्षभरहि ठेवीत नाहीं. लग्नांत कोणीं किती आहेर केला याच्या याद्या आमच्या घरांत तीन पिढ्यांच्या सांपडतील. पण दहा वर्षांपूर्वीं सरकारास कर किती दिला आणि तो कोणत्या रकमेवर दिला, असें कोणीं विचारल्यास घरांतलीं सारीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतील. कर एकदां दिला कीं संपलें, अशी आपली समजूत असते, आणि बहुतेक करांच्या बाबतींत ती खरीहि आहे. पण म्हातारपणासाठीं बाजूला ठेवलेल्या पैशाच्या बाबतींत ती खरी नाहीं. त्या पैशावर कर दिला होता कीं नव्हता, हें वीस-तीस वर्षें लक्षांत ठेवावें लागतें. आणि तें लक्षांत ठेवण्याचें काम सरकार आपल्याकडे घेत नाहीं, ज्याचा पैसा त्यानेंच तें करावयाचें असतें. आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. करशास्त्राशीं आमचा संबंध वर्षांतून एकदां विवरणपत्र भरण्यापुरता. तेव्हां ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि ग्रंथांत न भेटतां आगाशीच्या एका ओटीवर भेटावी, यांत नवल नाहीं.

ती सांगण्यापूर्वीं एक साधा हिशेब मांडला पाहिजे. निवृत्तीच्या पुंजीला सरकारची गांठ तीन ठिकाणीं पडूं शकते: पैसा ठेवतांना, तो वाढत असतांना आणि तो परत घेतांना. न्यायी सरकार तिन्ही ठिकाणीं हात पसरीत नाहीं. शंभर रुपयांवर आरंभींच वीस टक्के कर घेतला तर ऐशीं उरतात, आणि कालांतरानें त्यांचे दुप्पट, म्हणजे एकशेंसाठ, होतात. उलट आरंभीं कांहीं न घेतां शंभराचे दोनशें होऊं दिले आणि मग वीस टक्के घेतले, तरी हातांत एकशेंसाठच पडतात. कराचा दर तोच राहिला तर रोपावर कर घ्या कीं घडावर घ्या, बागाईतदाराला दोन्ही सारखेंच. अन्याय होतो तो एकाच प्रकारें: रोपावर घेतल्याचें विसरून घडावर पुन्हा घेतला म्हणजे.

अमेरिकेनें या दोन्ही रीति चालविल्या आहेत. तेथें १९७४ च्या कायद्यानें व्यक्तीच्या नांवाचें निवृत्तिखातें अस्तित्वांत आलें. त्यांत ठेवलेल्या रकमेपुरती करांत सूट मिळावयाची आणि म्हातारपणीं पैसा काढतांना कर द्यावयाचा, ही पहिली रीत. १९९७ सालीं डेलावेअर राज्याचे सेनेटर विल्यम रॉथ यांच्या पुढाकारानें उलट रीतीचें खातें निघालें: ठेवतांना सूट नाहीं, पण ठरलेल्या अटी पाळून काढतांना मुद्दलावर नाहीं आणि वाढीवरहि कर नाहीं. त्या खात्याला रॉथ यांचेंच नांव पडलें. पहिल्या जातीच्या खात्यांतला पैसा त्या वर्षीं कर भरून दुसऱ्या जातीच्या खात्यांत नेतां येतो. त्याला तिकडे रूपांतर म्हणतात. मोठ्या उत्पन्नाच्या लोकांना पूर्वीं याची बंदी होती. २०१० पासून ती उठली. आगाशीची राजेळी केळीं वाळवून सुकेळीं करितात, तेव्हां त्यांचें वजन आधींच घटतें. पण मग तीं महिनेच्या महिने टिकतात. रूपांतराचा व्यवहार बराचसा असाच आहे. घट आज सोसावयाची, कारण पुढें ती सोसावी लागूं नये.

आमचे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, मूळचे आगाशीचे. केळीं, पानवेल आणि फुलें यांची वाडिलोपार्जित वाडी सोडून ते १९९६ सालीं संगणकाच्या नोकरीसाठीं न्यू जर्सीस गेले. गृहस्थ नेमस्त आणि काटकसरी. २००२ ते २००९ या आठ वर्षांत त्यांनीं कायद्यानें घातलेल्या मर्यादेइतका पैसा दर वर्षीं निवृत्तिखात्यांत टाकला: आधीं तीन हजार डॉलर, मग चार हजार, शेवटीं पांच हजार, एकूण ३१,०००. नोकरींत निवृत्तीची निराळी सोय होती आणि पगार बरा होता, म्हणून या रकमेवर त्यांना करांत सूट मिळाली नाहीं. म्हणजे हे ३१,००० डॉलर कर भरून उरलेल्या पगारांतले होते. पुढें त्यांनीं नोकरी बदलली तेव्हां जुन्या नोकरींतला ४०१(के) योजनेचा फंड याच खात्यांत येऊन मिळाला. त्यावर मात्र कधींच कर दिलेला नव्हता. २०२२ च्या अखेरीस उभयतां कायमचे आगाशीस परतले. त्या वर्षीं त्या खात्यांत सारे मिळून ३,१०,००० डॉलर होते, आणि निघण्यापूर्वीं त्यांतले ६०,००० त्यांनीं रॉथ खात्यांत नेले होते.

मेहुण्यांचा हिशेब सरळ होता. साठ हजारांपैकीं एकतीस हजार आपले जुने, कर भरलेले. तेव्हां कर फक्त एकोणतीस हजारांवर. कायद्याचा हिशेब तसा नाहीं. कायदा म्हणतो, दुधांत साखर एकदां विरघळली कीं तुम्हांला साखर तेवढी उचलून घेतां येत नाहीं. जो पेला भराल त्यांत साखर सारख्याच प्रमाणांत येणार. एकूण ३,१०,००० मध्यें कर भरलेला पैसा ३१,०००, म्हणजे दशांश. म्हणून साठ हजारांतले सहा हजार करमुक्त आणि चोपन्न हजारांवर कर. उरलेल्या २५,००० चा हक्क बुडाला असें मात्र नाहीं. तो खात्यांत राहिलेल्या पैशाबरोबर पुढच्या वर्षांत जातो. मेहुण्यांस हें रुचलें नाहीं, पण यांत अन्याय कांहीं नाहीं हेंहि त्यांस कबूल करावें लागलें. खरी अडचण निराळीच होती.

कर भरलेला पैसा किती, हें तिकडील करखात्याला कळावें कसें? ज्या संस्थेंत खातें असतें ती वर्षअखेर किती रक्कम काढली तें कळविते. तींतली करपात्र किती, हें तिला ठाऊक नसतें, आणि तसें ती आपल्या कागदावर स्पष्ट लिहूनहि देते. वर्षांत किती भरणा झाला हें ती सांगेल. त्यावर सूट घेतली होती कीं नाहीं, हें तिला माहीत असण्याचें कारणच नाहीं. ही माहिती वाहून नेण्यासाठीं एकच कागद आहे: नमुना ८६०६. सूट न घेतां पैसा भरला त्या वर्षीं आणि पैसा काढला किंवा रूपांतर केलें त्या वर्षीं, तो विवरणपत्रास जोडावयाचा असतो. त्याच्या चौदाव्या ओळींत आजवर कर भरलेल्या पैशाची एकूण शिल्लक येते. आणि पुढें जेव्हां हा नमुना भरावा लागेल तेव्हां तोच आंकडा दुसऱ्या ओळींत उतरवून घ्यावयाचा असतो. मेहुण्यांचे वडील शाळामास्तर होते आणि शाळा सुटल्यावर वाडी पाहत. पानांच्या, केळ्यांच्या आणि फुलांच्या हिशेबाच्या त्यांच्या चोपड्या अद्यापि घरांत आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशीं बेरीज आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' असे शब्द. अमेरिकेच्या कोषागारानें काढलेला तो नमुना आणि मास्तरांची ती चोपडी यांत तत्त्वतः आम्हांस कांहींच भेद दिसला नाहीं.

भेद पडला होता तो वागण्यांत. २००२ ते २००४ या तीन वर्षांचे नमुने जागच्या जागीं होते. त्यांत ९,००० डॉलरांची नोंद होती. त्यानंतर मेहुण्यांचे कर-हिशेब दुसरे एक गृहस्थ पाहूं लागले, आणि २००५ ते २००९ या पांच वर्षांत त्यांनीं हा नमुना जोडलाच नव्हता. म्हणजे २२,००० डॉलरांवर कर भरलेला असूनहि तो भरल्याची आठवण सरकारदफ्तरीं कोठेंच नव्हती. बावीस टक्क्यांचा दर धरला तर या विस्मरणाची किंमत आज ना उद्यां ४,८४० डॉलर होणार होती. आपल्याकडच्या हिशेबानें सुमारें चार लाख रुपये.

२०२३ च्या एप्रिलांत ही गोष्ट उघडकीस आली. आगाशीस उन्हाळा कडक पडला होता. ओटीवर कागदांचे ढीग पसरले होते आणि ते वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून त्यांवर पाट ठेवले होते. आम्हांस बोलावणें आलें तें, आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक, तेव्हां इंग्रजी कागद आम्हांस कळतील, या भाबड्या समजुतीनें. बहिणीला टक्केवारींत रस नव्हता. ती म्हणाली, "दादा, त्या पैशांसाठीं मीं तेथें आठ वर्षें रात्रपाळी केली आहे. त्यांवर एकदां कर कापला गेला आहे. आतां पुन्हा कापणार असतील तर कां, एवढेंच मला सांग." आम्हीं आमच्या आयुष्यांत विद्यार्थ्यांच्या अनेक प्रश्नांस उत्तरें दिलीं आहेत, पण इतका नेमका प्रश्न आम्हांस क्वचितच कोणीं विचारला असेल. उत्तर एवढेंच होतें, कीं एकदां कर कापला गेला हें तुला ठाऊक आहे, त्यांना ठाऊक नाहीं. आणि तें त्यांना ठाऊक करून देणें हें तुझें काम आहे.

सुदैवानें तें काम अशक्य नव्हतें. राहून गेलेला नमुना ८६०६ मागाहूनहि पाठवितां येतो. वेळेवर न पाठविल्याबद्दल दर नमुन्यामागें ५० डॉलर दंड आहे, आणि सबळ कारण दाखविल्यास तोहि माफ होऊं शकतो. लागतात ते पुरावे: त्या त्या वर्षीं भरणा झाल्याचा संस्थेचा कागद, आणि त्या वर्षीं सूट घेतली नसल्याचें दाखविणारें विवरणपत्र. बहिणीनें वीस वर्षांचे कागद टाकून न देतां ट्रंकेंत भरून आणले होते, हाच या प्रकरणांतला खरा शहाणपणा. पांच वर्षांचे पांच नमुने तिच्या हातानें लिहिले गेले, मेहुण्यांनीं सह्या केल्या आणि ते टपालानें रवाना झाले. २०२२ च्या विवरणपत्रांत पूर्ण ३१,००० ची नोंद झाली. पुढें त्यावर कोणतीहि हरकत आली नाहीं.

परंतु एका सरकारला आठवण करून दिल्यानें दुसऱ्याला ती होते असें नाहीं. मेहुणे तिकडचे नागरिक असल्यामुळें तिकडचें विवरणपत्र त्यांना सुटत नाहीं. आणि आतां आगाशीचे रहिवासी असल्यामुळें इकडचेंहि सुटत नाहीं. परतलेल्या माणसास पहिलीं एक-दोन वर्षें आपला कायदा थोडी सवलत देतो. २०२५-२६ पासून मात्र मेहुणे पुरते रहिवासी ठरले, आणि जगांत कोठेंहि झालेलें त्यांचें उत्पन्न येथें दाखविणें आलें. परदेशांतील निवृत्तिखात्यांसाठीं १९६१ च्या आयकर कायद्यांत २०२१ सालीं ८९ए हें कलम घालण्यांत आलें. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या देशांतल्या अशा खात्यांत दर वर्षीं होणारी वाढ येथें लगेच करपात्र न धरतां, तो देश पैसा काढतांना कर घेईल त्याच वर्षीं धरावी, अशी ती मुभा. त्यासाठीं १०-ईई हा नमुना मुदतींत भरावा लागतो, आणि एकदां घेतलेला निर्णय फिरवितां येत नाहीं. साध्या निवृत्तिखात्याला हें कलम नेमकें लागू पडतें. रॉथ खात्याचें काय? तें कलम 'काढतांना ज्यावर तिकडे कर बसतो' अशा खात्याविषयीं बोलतें. रॉथ खात्याचें तर सारें वैशिष्ट्यच हें, कीं काढतांना कर बसत नाहीं. म्हणून जाणते लोक या मुद्द्यावर वाद घालीत आहेत. आणि ज्या पैशानें तिकडे आपला कर आगाऊ चुकता केला, तोच इकडे येतांच संशयित ठरावा, अशी चमत्कारिक स्थिति झाली आहे. मेहुण्यांनीं जाणत्या सनदी लेखापालाचा सल्ला घेतला आहे, आणि दोन्ही खातीं परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टांत दर वर्षीं नोंदविण्याचा क्रम ठेवला आहे. इकडचें वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत, तिकडचें जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. त्या परिशिष्टापुरतें तर आपलें सरकारहि जानेवारीचें वर्ष मानतें. या घोळांत चोपडीवांचून निभाव लागणें कठीण.

एखादे वाचक म्हणतील, आमच्या घरांतून कोणी अमेरिकेस गेलेलें नाहीं. हें पुराण आम्हांस कशाला? त्यांस आमचें सांगणें असें, कीं सेनेटर रॉथ यांचें खातें आपल्या घरांत केव्हांच येऊन बसलें आहे. फक्त त्याचें नांव कोणी घेत नाहीं. प्रॉव्हिडंट फंडाच्या बाबतींत आपल्याकडची जुनी रीत मोठी उदार होती: ठेवतांना ८०सी कलमाखालीं मर्यादेपर्यंत सूट, वाढीवर कर नाहीं, काढतांनाहि कर नाहीं. २०२० सालीं कराची नवी पद्धत निघाली, आणि २०२३-२४ पासून, जो मुद्दाम जुनी मागणार नाहीं त्याला तीच लागू होऊं लागली. तींत दर कमी आहेत, पण ८०सी ची सूट नाहीं. म्हणजे ज्यांस कर लागतो अशा पगारदाराची फंडांतली वर्गणी आतां कर भरलेल्या पैशांतून जाते, आणि पुढें मर्यादेपर्यंत वाढीवर व काढण्यावर कर नाहीं. हें हुबेहूब रॉथ खातेंच नव्हे काय?

येथवर तक्रारीस जागा नाहीं. कर एकदांच बसला. परंतु १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्रांत सरकारी आणि अनुदानित संस्थांच्या सेवेंत आलेल्यांस जुनी पेन्शन नाहीं. आमचे तरुण सहकारी राष्ट्रीय पेन्शन योजनेंत आहेत. त्यांतल्या एकाचें उदाहरण घ्या. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना लाख रुपये असतील, तर दहा टक्क्यांनीं त्याची स्वतःची वर्गणी वर्षाला १,२०,००० होते. नव्या पद्धतींत या वर्गणीवर सूट नाहीं; सरकारच्या वाट्याच्या वर्गणीवर मात्र आहे. निवृत्तीच्या वेळीं साठ टक्के रक्कम हातीं येते, तिच्यावर कर नाहीं. निदान चाळीस टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते, आणि तिच्यांतून मिळणारी पेन्शन उत्पन्नांत धरली जाते. त्या पेन्शनच्या प्रत्येक रुपयांत कर भरलेली साखर विरघळलेली आहे. ती किती, हें कोण सांगणार? १९६१ च्या कायद्याच्या ८०सीसीडी कलमांत, ज्या रकमेवर सूट मिळाली असेल ती परत मिळतांना उत्पन्न समजावी, असे शब्द आहेत. सूट न मिळालेली रक्कम निराळी, हें त्या शब्दांत गृहीतच आहे. पण आम्ही वर्षानुवर्षें जें विवरणपत्र भरीत आलों, त्यांत ती निराळी मांडून पुढच्या वर्षीं नेण्याचा रकाना आम्हांस कोठें दिसला नाहीं. साठ टक्के करमुक्त दिले, तेवढ्यांत सारें आलें, असें कोणी म्हणेल. ती उदारता खरी. पण उदारतेनें हिशेब फिटत नाहीं. आणि निराळा हिशेब ठेवणें सरकारास जमत नाहीं असेंहि नाहीं. २०२१ सालीं फंडांतील कर्मचाऱ्याच्या वर्षाला अडीच लाखांवरच्या वर्गणीचें व्याज करपात्र ठरलें, तेव्हां नियम ९डी करून एकाच फंडाचीं दोन पोटखातीं पाडण्यांत आलीं: एक करपात्र, एक करमुक्त, आणि ३१ मार्च २०२१ ची शिल्लक करमुक्त खात्यांत गेली. कर घ्यावयाचा होता म्हणून त्या वेळीं आठवण ठेवण्याची सोय झाली. कर पुन्हा घ्यावयाचा नाहीं, यासाठींहि तशीच सोय व्हावी, एवढेंच मागणें.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागीं २०२५ चा आयकर कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, नमुनेहि बदलतील. म्हणूनच आमच्या त्या तरुण सहकाऱ्यास आम्हीं सांगितलें, कीं कलमें पाठ करूं नकोस, एक वही कर. दर वर्षीं एक ओळ: कोणत्या योजनेंत स्वतःचे किती भरले, त्यावर सूट घेतली कीं नाहीं, आणि आजवर सूट न घेतां भरलेल्याची बेरीज किती. सोबत त्या वर्षाच्या विवरणपत्राची प्रत आणि योजनेचा वार्षिक उतारा. हें काम पंधरा मिनिटांचें आहे. तें वीस वर्षांनंतर करावयाचें म्हटलें तर किती दिवसांचें होतें, हें आम्हीं त्या ओटीवर पाहिलें आहे. ज्यांच्या पश्चात् पत्नीस किंवा मुलांस हे कागद उलगडावे लागतील त्यांनीं तर ही वही कोठें आहे हें घरांत आजच सांगून ठेवावें. सरकारच्या विवरणपत्रांत अशी एक ओळ वाढण्यास फार मोठी सुधारणा लागते असें आम्हांस वाटत नाहीं; पण ती वाढेपर्यंत ती आपल्या वहींत असली पाहिजे.